बाळंतिणीचा पहिला प्रहर

बाळंतपण हा बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडील वडीलधारी माणसे म्हणत आली आहेत. त्या जन्मातला सर्वांत जोखमीचा काळ म्हणजे मूल झाल्यानंतरचा पहिला प्रहर. बाहेर पेढ्यांची धांदल असते, सर्वांचे डोळे बाळाकडे असतात आणि बाळंतीण मात्र एकटीच पडून असते. हा प्रहर पूर्वी कसा जाई आणि आज दवाखान्यात कसा जातो, ते भगिनींपुढे मांडावे असे वाटले.

आपला बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. खेड्यापाड्यांतून बाळंतपण घरीच व्हायचे. माझ्या आजेसासूबाईंची सारी बाळंतपणे अंधाऱ्या खोलीत, गावच्या सुईणीच्या हातून झाली. सुईण मोठी मायाळू. पण नाळ विळ्याने कापायची, पहिला चीक पिळून टाकायचा आणि बाळाला मधाचे बोट चाटवायचे, ही रीत होती. पाचवी-सहावीच्या रात्री बाया सटवाईपुढे दिवा लावून जागत. ती धास्ती उगाच नव्हती. अस्वच्छ विळ्यामुळे होणारा धनुर्वात बाळाला बहुधा त्याच सुमारास गाठायचा. गरोदरपणातील लस आणि नाळेसाठी स्वच्छ पाते, यांनी तो मागे हटवला. २०१५ साली भारताने या धनुर्वातावर विजय मिळवल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले.

दवाखानेही पहिल्यापासून सुरक्षित नव्हते. युरोपात व्हिएन्ना शहरी डॉक्टर सेमेलवाइस यांना दिसले की, सुईणींच्या वॉर्डापेक्षा डॉक्टरांच्या वॉर्डात जास्त बाळंतिणी तापाने दगावतात. डॉक्टर मंडळी प्रेत तपासून तशीच बाळंतिणीकडे येत. १८४७ साली त्यांनी सर्वांना औषधी पाण्याने हात धुवायला लावले आणि मरणे झपाट्याने कमी झाली. नुसते हात धुण्याने केवढे काम केले पाहा!

आपल्याकडे आनंदीबाई जोशी यांचे मूल दहा दिवसांचे होऊन गेले. तेव्हा त्या अवघ्या चौदा वर्षांच्या होत्या. पुढे त्या अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांचा प्रबंध हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच होता. त्याच साली मुंबईत खास स्त्रियांसाठी कामा रुग्णालय उघडले. आमच्या मुलखात ही सोय पोहोचायला फार वर्षे लागली. आष्टी-पाटोद्याशेजारच्या जामखेडला १९७० साली डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे या दांपत्याने काम सुरू केले. त्यांनी खेड्यातल्या, अक्षरओळखही नसलेल्या बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्याच दशकात अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले.

आता दवाखान्यात काय होते ते सांगते. मूल झाल्याबरोबर बाईला एक इंजेक्शन देतात. त्याने गर्भाशय आवळते आणि रक्त कमी जाते. बाळाला पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवतात. नाळ एक ते तीन मिनिटांनी कापतात, म्हणजे बाळाला अंगातले रक्त पुरते मिळते. वार पडल्यावर पहिले दोन तास नर्सबाई दर पंधरा मिनिटांनी पोट दाबून पाहते, नाडी व रक्तदाब बघते. पोट दाबले की दुखते, पण गर्भाशय घट्ट आहे की नाही हे तसेच कळते. थोडी हुडहुडी भरणे, पोटात कळा येणे हे होतेच. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कळा जास्त येतात. सहा तासांच्या आत लघवी झाली पाहिजे. कपडा भराभर भिजू लागला, चक्कर आली, गार घाम सुटला, तर क्षणभर न थांबता हाक मारावी. रक्त जाऊ लागले तर बाई तासा-दोन तासांतही हातची जाते.

पहिल्या तासातच बाळाला अंगावर घ्यावे. पिवळसर चीक ही त्याची पहिली लसच आहे. मध, गूळपाणी, घुटी काही देऊ नये. पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये. क्षयाची, पोलिओची आणि काविळीची लस तिथेच टोचून-पाजून घ्यावी.

सरकारने २००५ साली जननी सुरक्षा योजना आणली. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषध, जेवण आणि घरी पोहोचवणारी गाडी मोफत आहे. तरीही "घरी कामे पडलीत" म्हणून सुनेला त्याच दिवशी उठवून नेणारी घरे आहेत. दोन दिवस तरी तिला तिथे राहू द्यावे. आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या लेकीबाळी तर मुलखाबाहेर, कोपीत राहतात. दिवस भरत आलेल्या सुनेला शक्यतो घरी ठेवावे. गेलीच तर माता-बाल कार्ड बरोबर द्यावे आणि १०२ व १०८ हे क्रमांक पाठ करून घ्यावेत.

भगिनींनो, सुईण जाऊन नर्स आली, तरी उशाशी बसणारी बाई आपल्यातलीच हवी. पेढे तासाभराने वाटले तरी गोडच लागतात. तेवढा वेळ लेकीसुनेजवळ बसावे, एवढीच विनंती.