एका राजाच्या दोन लिप्या

परकी सत्ता गेली तरी तिची भाषा लगेच जात नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. चार हजार वर्षांपूर्वीच्या एका राजापुढेही हाच प्रश्न होता. त्याचे नाव पुझुर-इन्शुशिनाक.

आजच्या नैर्ऋत्य इराणमध्ये शूश नावाचे गाव आहे. प्राचीन एलामची सुसा नगरी ती हीच. शेजारच्या मेसोपोटेमियातील अक्कड साम्राज्याचा सुसावर दीर्घकाळ अंमल होता. तिथला कारभार अक्कडी भाषेत, कीलाकार लिपीत चाले. साम्राज्य कोसळल्यावर, इ.स.पू. २१००च्या सुमारास, हा राजा पुढे आला. आरंभीच्या लेखांत तो स्वतःला सुसाचा अधिपती म्हणवतो, नंतर अवानचा राजा. जिंकलेल्या गावांची लांबलचक यादी तो देतो आणि सिमाश्कीच्या राजाने येऊन आपले पाय धरले, असेही सांगतो.

हे सारे अक्कडीतच आहे, कारण राजेपणाची तीच रूढ भाषा होती. पण आपल्या दैवताला, इन्शुशिनाकाला, अर्पण केलेल्या दगडांवर त्याने आणखी एक मजकूर कोरवला. तो स्वतःच्या एलामी भाषेत आणि एलामच्याच रेषात्मक लिपीत आहे. सिंहाचे शिल्प असलेला असा एक दगड पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

पुढे उरचा राजा उर-नम्मू याने त्याचा पराभव केला. कालांतराने ती लिपीही वापरातून गेली आणि एलामी लोक आपली भाषा कीलाकार लिपीतच लिहू लागले.

१८९७पासून फ्रेंचांनी सुसात मोठे उत्खनन केले. अक्कडी मजकूर वाचता येत होता. त्याच्या आधारे १९०५ आणि १९१२मध्ये जर्मन अभ्यासकांनी दुसऱ्या लिपीतील राजाचे आणि देवाचे नाव हुडकले. त्यापुढे गाडी शंभर वर्षे अडली. अखेर २०२२मध्ये फ्रान्स्वा देसे आणि सहकाऱ्यांनी चांदीच्या भांड्यांवरील लेखांच्या मदतीने बहुतेक चिन्हे वाचल्याचा दावा प्रसिद्ध केला. तो सर्वांनी मान्य केलेला नाही.

आपल्या सिंधू लिपीला असा जोडलेख अजून लाभलेला नाही, म्हणून ती मुकीच आहे. पुझुर-इन्शुशिनाकाने परक्यांची भाषा टाकली नाही, तिच्या शेजारी आपली बसवली. त्याची स्वतःची लिपी विस्मरणात गेली, तेव्हा तिच्याकडे नेणारी वाट त्या परक्या भाषेनेच दाखवली.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)