हृदयाला विचारलेले प्रश्न

“कार्डिओग्राम काढला, अगदी नॉर्मल आला. आता काळजी नाही!” हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेले आहे. ती चौकटी-चौकटींची लांब पट्टी म्हणजे जणू हृदयाच्या प्रकृतीचे सर्टिफिकेटच, असा आपला समज असतो. तो कितपत खरा आहे? ह्याचे उत्तर हवे असेल, तर हृदयाच्या ह्या परीक्षा एकामागून एक कशा निघाल्या आणि प्रत्येकीने हृदयाला नेमके काय विचारले, हे पाहिले पाहिजे.

सन १८१६ ची गोष्ट. पॅरिसमध्ये रने लाएनेक नावाच्या डॉक्टरांकडे एक तरुण स्त्री आली. तिला हृदयविकाराची लक्षणे होती. त्या काळी डॉक्टर रोग्याच्या छातीला सरळ कान लावीत. पण इथे ते प्रशस्त वाटेना. लाएनेकने कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर टेकले आणि दुसरे आपल्या कानाला लावले. ठोके पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू आले. पुढे सुरळीच्या जागी लाकडी नळी आली, आणि स्टेथॉस्कोप जन्मला. झडपा नीट मिटतात की नाही, ठोका नियमित पडतो की नाही, हे त्यातून कळू लागले. पण खुद्द हृदयाच्या स्नायूला रक्त पुरेसे मिळते का, हे काही कानाला ऐकू येत नाही.

हृदय प्रत्येक ठोक्याला सूक्ष्म वीज निर्माण करते. शरीर न उघडता ती टिपता येते, हे लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ साली दाखवले. परंतु तो आलेख धूसर होता. हॉलंडमधील लायडन येथील विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी क्वार्ट्झचा अतिशय बारीक धागा चुंबकात ताणून नवे यंत्र केले. ते एवढे अवजड, की चालवायला पाच माणसे लागत. रोग्याने दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचे! आलेखावरच्या लाटांना त्यांनी दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही नावे आजही तीच आहेत. ह्या कार्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता ही पट्टी सांगते काय? ठोक्यांची लय बिघडली आहे का, पूर्वी झटका येऊन गेल्याच्या खुणा आहेत का, आणि पुष्कळदा, झटका आत्ता चालू आहे का. पण वायरमन घरात आला तर तो दिवे तपासील. नळाला पाणी किती येते, हे त्याला विचारून काय उपयोग? धमनी बरीच अरुंद झाली असूनही स्वस्थ पडलेल्या माणसाचा कार्डिओग्राम निर्दोष येऊ शकतो.

कारण उघड आहे. पडून राहिलेल्याला धाप लागत नाही, जिना चढताना लागते. म्हणून माणसाला चालवून पट्टी काढण्याची पद्धत आली. अमेरिकेत सिॲटलच्या रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये तिला शिस्त लावली. फिरत्या पट्ट्यावर चालायचे, आणि दर तीन मिनिटांनी चढ व वेग वाढवायचा. श्रम वाढले, की रक्ताची तूट उघडी पडते. तीही लहानसहान नव्हे. प्रवाहाला अडथळा होण्याइतकी मोठी असेल तरच.

स्वीडनमध्ये लुंड येथे १९५३ साली इंगे एडलर आणि कार्ल हेल्मुट हर्ट्झ यांनी धातूतील दोष शोधण्याचे, कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीचे यंत्र हृदयाकडे वळवले. हीच आजची ‘इको’. हृदयाच्या भिंती, झडपा, पंपाची ताकद तीत दिसते. रिपोर्टात ‘६० टक्के’ वाचून कित्येकांना घाम फुटतो. चाळीस टक्के हृदय बंद पडले की काय! तसे नव्हे. निरोगी हृदयसुद्धा आतले सगळे रक्त एका ठोक्यात बाहेर टाकीत नाही; साठ हा आकडा चांगलाच आहे.

राहिली अँजिओग्राफी. जर्मनीत पंचविशीतल्या व्हेर्नर फोर्समान यांनी १९२९ मध्ये वरिष्ठांची मनाई असताना स्वतःच्या हाताच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत सरकवली आणि क्ष-किरणाने तिचा फोटो घेतला. पुढे १९५८ साली क्लीव्हलँडला मेसन सोन्स तपासणी करीत असता नळी चुकून रोग्याच्या हृदयधमनीत शिरली आणि औषधी रंग थेट तिच्यात गेला. हृदय क्षणभर थांबले. रोग्याला खोकायला लावताच पुन्हा चालू झाले. ज्याची सर्वांना धास्ती होती, ते करता येते हे कळले! धमनीतली वाट आता दिसू लागली. परंतु ही परीक्षा वाट दाखवते, भिंत नव्हे. भिंतीत दडलेला लहानसा थर फुटूनही रक्ताची गुठळी होऊ शकते.

म्हणजे ह्या परीक्षा खोट्या का? मुळीच नाही. ज्याचे त्याला विचारावे, एवढेच. कोणाला काय विचारायचे हे डॉक्टर ठरवतात, आणि ते ठरवतात आपण सांगितलेल्या तक्रारीवरून. चालताना छाती भरून येते, डावा हात किंवा जबडा दुखतो, दरदरून घाम सुटतो, हे सांगायला संकोच करू नका. छातीत कळ येत असताना पहिली पट्टी चांगली आली, तरी डॉक्टर थांबवून घेतात, पुन्हा पट्टी काढतात, काही तासांनी रक्तातील ट्रोपोनिन तपासतात. कारण हृदयाची इजा रक्तात उमटायला वेळ लागतो. अशा वेळी “नॉर्मल आहे ना, मग घरी जातो” म्हणून उठू नये. आणि मागच्या महिन्यातली पट्टी आजच्या दुखण्याला उत्तर देत नाही, हेही ध्यानात ठेवावे.