हात कुठे थांबतो

कंबरेत उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा आणि त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचा, हा उपाय आपल्याकडे गावोगाव चालत आला आहे. तो पाय लागतो अगदी हलका. तरी उठताना मोकळे वाटले असे सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांना वेड्यात काढण्याची घाई या विषयाच्या विद्यार्थ्याने करू नये. कुणीतरी दुखऱ्या जागेला स्पर्श केला, थोडा दाब दिला, 'आता वाकून बघ' म्हटले आणि माणूस वाकला. त्यात गुण कशाचा? स्पर्शाचा, दाबाचा, भरवशाचा, की त्या वाकण्याचा? फिजिओथेरपीच्या ज्या दालनात हे पुस्तक वाचकाला नेते, तिथे हाच प्रश्न नाना रूपांत पुन्हापुन्हा समोर येतो.

व्यायाम आणि हाताचे उपचार ही भावंडे जुनी. तलवारबाजी शिकवणाऱ्या पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला जी संस्था काढली, तिच्या पद्धतीत दोन्ही होते. ब्रिटनमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी संघटना उभारली ती मालिश करणाऱ्यांची. मालिशीच्या नावाखाली लंडनमध्ये भलतेच धंदे चालत, त्यांपासून आपले काम वेगळे राखणे हा तिचा एक हेतू होता. आपल्याकडे हे शिक्षण आले पोलिओच्या पाठोपाठ. मुंबईतल्या साथीनंतर १९५३ मध्ये केईएम रुग्णालयात महापालिका, केंद्र सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने अभ्यासक्रम सुरू झाला. लुळ्या पडलेल्या पायातला कोणता स्नायू किती जिवंत आहे, हे बोटांनी चाचपून शून्य ते पाच अशा श्रेणीत लिहिणे हे त्या काळातले रोजचे काम. आजही विद्यार्थ्याचा हात प्रथम तिथेच घडतो.

हाताच्या उपचारांबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज 'मणका सरकला होता, तो बसवला' या वाक्यात आहे. रुग्ण ते बोलतात याचे नवल नाही. उपचार करणारेही बोलतात याचे वाईट वाटते. कट्ट असा आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते म्हणून. हाड जागेवर बसल्याची ती पावती नव्हे. हाताच्या उपचाराने दुखणे कमी होते ते मुख्यतः मज्जासंस्थेवरील परिणामामुळे, आणि तो आराम बहुधा अल्पकाळ टिकतो. म्हणून काही हा उपचार खोटा ठरत नाही. त्याची मर्यादा तेवढी समजते.

ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी सांधा हलवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या, त्या इथे विस्ताराने येतात. पहिल्या दोन पायऱ्यांत सांध्याचा अटकाव लागण्याआधीच हात मागे फिरतो; त्या वेदनेसाठी. तिसरी आणि चौथी अटकावात शिरतात, त्या आखडलेपणासाठी. जखडलेला खांदा घेऊन आलेल्या बाईंना अंबाडा घालता येत नाही, फडताळातला वरचा डबा काढता येत नाही आणि रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. रात्रीची कळ जोरात असताना कुणी त्यांचा हात चौथ्या पायरीने रेटला, तर पुढच्या वेळी त्या येणारच नाहीत. पायरी ओळखायची ती हाताखाली येणाऱ्या अटकावावरून आणि रुग्णाच्या चेहऱ्यावरून. पुस्तकाची मदत इथे थोडी तोकडी पडते, हे मान्य करायला हवे.

व्यायामालाही औषधासारखीच मात्रा लागते. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर काम करणाऱ्या टॉमस डिलॉर्म यांनी १९४५ मध्ये, हलके वजन शेकडो वेळा उचलण्याऐवजी जेमतेम दहा वेळा उचलता येईल असे जड वजन मोजून द्यायला सांगितले. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद हॉकान आल्फ्रेडसन यांची गोष्ट तर विद्यार्थ्यांना हमखास आवडते. टाचेवरची कंडरा दुखत होती आणि वरिष्ठ शस्त्रक्रियेला तयार नव्हते. कंडरा तुटली तर शस्त्रक्रिया करावीच लागेल, या हिशेबाने त्यांनी पायरीच्या कडेवर उभे राहून टाच खाली सोडायचा व्यायाम दुखत असतानाच रेटला. कंडरा तुटली नाही, दुखणे गेले. १९९८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत हा व्यायाम दिवसाला १८० वेळा, १२ आठवडे करायचा असतो. (१८० हा आकडा पवित्र नाही. सोसेल तेवढे करणारेही बरे होतात, असे पुढे दिसले.) व्यायामांच्या चित्रांचा छापील कागद हातात ठेवून रुग्णाला वाटेला लावणाऱ्यांनी ते प्रकरण दोनदा वाचावे.

हाताने सांधा थोडा सैल झाला, कळ थोडी निवली, की त्याच बैठकीत ती नवी हालचाल रुग्णाकडून करून घ्यायची, या क्रमावर या पुस्तकाची मांडणी उभी आहे. हात लावून घ्यायला माणसे आनंदाने येतात. घरी व्यायाम करायचा म्हटले की पाहुणे येतात, लग्नसराई येते. त्यामुळे टेबलावरचे काम कमी आणि टेबलावरून उतरल्यावरचे जास्त, हे प्रमाण राखणे अनुभवी हातांनाही जड जाते.

वाचायला बसण्याआधी एक करून पाहा. पाय लांब करून बसा, मांडी सैल सोडा आणि गुडघ्याची वाटी अंगठा व बोटाच्या चिमटीत धरून दोन्ही बाजूंना हलवा. ती सहज सरकेल. आता गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. वाटी वर ओढली जाईल आणि बोटांना दाद देणार नाही. पहिले प्रकरण त्या वाटीपासून सुरू होते.