मॉरिशसचे ‘जुने’ प्रवासी : करारोत्तर जीवन व आरोग्य

मॉरिशस बेटाच्या एकोणिसाव्या शतकांतील कायद्यांत ‘ओल्ड इमिग्रंट’ हा शब्द वारंवार आढळतो. त्याचा अर्थ ‘म्हातारा प्रवासी’ असा सहजच कोणी करील. पण तो खरा नव्हे. कराराची मुदत पुरी केलेला हिंदी मजूर, मग तो ऐन पंचविशीचा कां असेना, ह्या कायद्याच्या दृष्टीनें ‘जुना’ होय. आपल्याकडे वयोवृद्ध, ज्ञानवृद्ध, तपोवृद्ध असे भेद मानतात. ह्यास आम्ही ‘करारवृद्ध’ म्हणतों. हे करारवृद्ध यथाकाल वयोवृद्धहि झाले. त्या वेळीं कायद्यानें त्यांची काय संभावना केली, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ता. 2 नोव्हेंबर 1834 रोजीं ‘अ‍ॅटलास’ जहाजानें 36 मजूर पोर्ट लुईस येथें उतरविले. तेथपासून 1910 पर्यंत सुमारें साडेचार लाख हिंदी लोक त्या बेटांत गेले. बहुतेकांचें प्रयाण कलकत्ता व मद्रास येथून झालें. मुंबईहून गेलेले त्या मानानें थोडे, परंतु त्यांत रत्नागिरीकडील आपले मराठी लोक होते. मजुराचा पगार महिना 5 रुपये व वर शिधा. पहिल्या करारांत परतीच्या फुकट भाड्याचें अभिवचन असे. 1850 नंतर थोड्याच वर्षांत तें काढून घेण्यांत आलें. पांच रुपयांतून समुद्रप्रवासाचें भाडें शिल्लक टाकणारा विरळा, तेव्हां हजारों लोक तेथेंच राहिले. प्रारंभींच्या जहाजांत स्त्रियांची संख्या फारच अल्प असल्यामुळें त्यांतील कित्येकांस म्हातारपणीं पाणी देणारें माणूसहि घरांत नव्हतें.

करार संपला म्हणजे मनुष्य मोकळा झाला, अशी आमची साधी समजूत. मळेवाल्यांची तशी नव्हती. जुन्या मजुरानें पुनः ऊंसाच्या मळ्यावरच करार करावा, ह्यासाठीं 1867 चा 31 वा कायदा झाला. त्या अन्वयें प्रत्येक जुन्या प्रवाशानें छायाचित्र लावलेलें तिकीट व पोलिसांचा पास सदैव जवळ बाळगावयाचा. छायाचित्राची दक्षिणा अर्थात् त्याच्याच कनवटीची. एका जिल्ह्यांतून दुसऱ्यांत राहावयास जाणें तर पास पालटून घ्यावा लागे. कागद घरीं विसरला, अथवा काम सुटून नवें मिळालें नाहीं, कीं तो ‘भटक्या’ ठरे व ग्रँड रिव्हर येथील कोंडवाड्यांत जाई. मळ्यावर कामास असेल त्यास दुसरी भीति. एक दिवसाच्या गैरहजेरीस दोन दिवसांचा पगार कापण्याची तेथें वहिवाट होती. तिला ‘डबल कट’ म्हणत. पाठ धरली, ताप आला, तर निजून राहणें हेंहि महाग पडे.

आणि ताप तर त्याच सुमारास बेटांत शिरला होता. 1866 पूर्वीं मॉरिशस बेट हिंवतापापासून मुक्त, किंबहुना हवापालटाचें ठिकाण समजलें जाई. 1866 ते 1868 ह्या काळांत समुद्रकांठचा प्रदेश ह्या रोगानें उध्वस्त केला. एकट्या 1867 सालीं तीस हजारांहून अधिक माणसें दगावलीं. कोयनेलाचे भाव गरिबाच्या आवांक्याबाहेर गेले. रोग हिंदी लोकांनींच आणला, असें पुष्कळांचें मत पडलें. डांस त्याचा वाहक आहे, हा शोध रोनाल्ड रॉस ह्यांनीं हिंदुस्थानांत लावला तो 1897 त, आणि ते ह्याच रोगाच्या पाहणीसाठीं मॉरिशसला आले ते 1907 च्या अखेरीस. तोंवर सुखवस्तु कुटुंबें पोर्ट लुईस सोडून क्यूरपीपच्या उंच, थंड पठारावर जाऊन राहिलीं. पासाचा कायदा व साथीचा कहर हे दोन्ही एकाच 1867 सालचे, ही गोष्ट वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. ज्यास जागा सोडून पळणें अवश्य होतें, त्याच्याच पायांत नवी बेडी पडली.

मळ्यांवर इस्पितळ ठेवण्याचें बंधन कायद्यानें होतें. परंतु कित्येक इस्पितळें नांवाचींच होतीं. रोगी तेथें जाण्यास नाखूष असत, ह्याचें कारण केवळ अज्ञान असें म्हणणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. बाहेरून कडी लावलेल्या घरास तुरुंग समजण्यास फारशी विद्या लागत नाहीं.

ह्या स्थितीस वाचा फोडली ती अ‍ॅडॉल्फ द प्लेविट्झ नांवाच्या जर्मन वंशाच्या गृहस्थानें. हा स्वतः मळ्याचा व्यवस्थापक. 1871 च्या जूनमध्यें त्यानें जुन्या प्रवाशांचा अर्ज गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन ह्यांस सादर केला. अर्जावर 9,401 लोकांच्या सह्या व निशाण्या होत्या. मळेवाल्यांनीं त्याच्या हद्दपारीची मागणी केली. भर रस्त्यांत त्याच्यावर मारहाणीचा प्रसंगहि आला. गॉर्डननें मात्र पाठ फिरविली नाहीं. 1872 सालीं विलायतेहून चौकशीसाठीं फ्रिअर व विल्यमसन हे कमिशनर आले. पैकीं विल्यम एडवर्ड फ्रिअर हे पूर्वीं मुंबई इलाख्यांत सनदी नोकरींत होते. त्यांच्या 1875 च्या अहवालानें अर्जांतील मुख्य गाऱ्हाणीं खरीं ठरलीं, आणि 1878 त मजुरांविषयीं नवा कायदा झाला.

पुढें साखरेचा व्यापार मंदावतांच मळेवाल्यांनीं पडित जमिनींचे तुकडे पाडून विकावयास काढले. जुन्या प्रवाशांनीं ते घेतले. कोणी ऊंस, कोणी भाजीपाला लावला, कोणी गाय बांधून दूध विकूं लागले. ज्याच्या दाराशीं स्वतःची गाय व हाताशीं कर्ता मुलगा, त्यास तापांत चार दिवस पडून राहण्याची मोकळीक मिळाली. कायद्याच्या सुधारणेहून हिचें मोल आम्ही अधिक समजतों.

ह्या मंडळींचीं नोंदणीपुस्तकें व छायाचित्रें मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्यें सुरक्षित आहेत. त्यांत नांव, बापाचें नांव, जात, वय, उंची, अंगावरील खुणा, जिल्हा व गांव असा तपशील मिळतो. मुंबईहून गेलेल्या जहाजांच्या नोंदी आमच्या कोंकणांतील गांवांच्या जुन्या दप्तरांशीं ताडून पाहण्याचें काम कोणा तरुण अभ्यासकानें हातीं घ्यावें. इंग्रज कारकुनानें ऐकून लिहिलेलीं मराठी गांवांचीं नांवें ओळखण्यास त्या भागाचा माहितगारच लागेल.