हिंगोलीची जागा कोणत्या कलमात?

नांदेडचं विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, स्थापन झालं तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हताच. विद्यापीठाचं कार्यक्षेत्र नांदेड, परभणी आणि लातूर. हिंगोली, वसमत, कळमनुरी हे सगळं परभणीत. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा निघाला. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाच्या अनुसूचीत नांदेडच्या या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठापुढे जे चार जिल्हे छापले आहेत, त्यांत हिंगोली आहे. कार्यक्षेत्रात नाव आलं. कारभारात किती आलं, हे पाहायला कलमं चाळावी लागतात.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा हा प्रश्नच नव्हता. १९१७ च्या फर्मानानं उस्मानिया विद्यापीठाचा पाया घातला आणि अधिकार वरूनच खाली आला. पुढे २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ झालं. १९७४ च्या विद्यापीठ कायद्यातली कार्यकारी परिषद १९९४ च्या कायद्यात व्यवस्थापन परिषद झाली.

खरा मजकूर सापडतो तो १ मार्च २०१७ पासून लागू झालेल्या आजच्या कायद्यात. कलम २८ अधिसभेचं. त्यात निवडून यायचे दहा प्राचार्य, दहा अध्यापक, सहा संस्थाचालक, दहा नोंदणीकृत पदवीधर. प्राचार्य, अध्यापक आणि पदवीधर यांच्या प्रत्येक दहांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटके, इतर मागासवर्ग आणि महिला यांना एकेक जागा राखीव. जिल्ह्याला मात्र एकही नाही. कलम ३० व्यवस्थापन परिषदेचं: अध्यक्ष कुलगुरू, आणि वरील चारही गटांतून अधिसभेनं निवडून द्यायचे प्रत्येकी दोन. म्हणजे सेनगाव किंवा औंढा नागनाथच्या पदवीधराला या परिषदेत बसायचं तर आधी चार जिल्ह्यांचे मतदार आणि मग अधिसभा, अशा दोन चाळण्यांतून जावं लागतं. शिवाय पदवी हाती आली म्हणून कुणी आपोआप मतदार होत नाही. अर्ज भरून नोंदणी करावी लागते. यादी वाढवण्याची धावपळ निवडणुकीच्या तोंडावर का चालते, ते इथं कळतं.

मतदान पसंतीक्रमाचं. खुल्या प्रवर्गातल्या पाच पदवीधर जागांसाठी कोटा ठरतो वैध मतांना सहानं भागून, त्यात एक मिळवून. समजा वैध मतं सहा हजार. तर १,००१ मतांना माणूस निवडून येतो. आता २०११ ची जनगणना शेजारी ठेवून पाहा. हिंगोलीची लोकसंख्या ११.७७ लाख, चारही जिल्ह्यांची मिळून सुमारे ८८ लाख. वाटा जेमतेम १३ टक्के, कोटा जवळपास १७ टक्क्यांचा. लोकसंख्या म्हणजे मतदारयादी नव्हे, हे मान्य. तरी अंदाज बांधायला एवढं पुरे आहे: मतदारयादीतही प्रमाण असंच असेल, तर अख्खी हिंगोली एका उमेदवारामागे उभी राहिली तरी पहिल्या पसंतीत तो थोडक्यात अडकेल, आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीवर तरेल. ज्या परभणीतून हिंगोली फुटून निघाली, तिच्याच दारात मतांसाठी जायचं. माझ्या मते तरीही ही पद्धत लहान जिल्ह्याच्या सोयीची आहे. सरळ बहुमतानं मोजणी झाली असती तर नांदेडच्या ३३ लाख लोकसंख्येपुढे हिंगोलीची डाळ शिजली नसती.

डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळानं याच कायद्याचं दुरुस्ती विधेयक मंजूर करून उच्च शिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपती करायचं ठरवलं होतं. कुलपती असलेले राज्यपाल की सरकार, या वादावर भरपूर शाई खर्च झाली. पुढे सरकार बदललं आणि विधेयक मागे पडलं. त्या भांडणात जिल्ह्यांचा वाटा हा मुद्दाच नव्हता.

निवडणुकीशिवायची वाट आहे ती कुलपतींच्या नामनिर्देशनाची. अधिसभेवर ते दहा जण नेमतात, आणि त्यासाठी सांगितलेल्या क्षेत्रांत शेती, सहकार, समाजकार्य, कायदा, बँकिंग येतात. वसमतच्या हळद उत्पादकाला या कलमात बसवता येतं. पण कलम बंधन घालतं ते क्षेत्राचं. माणूस वसमतचा घ्यायचा की औशाचा, ते कुलपतींवर सोडलेलं आहे.