भिक्षेची टोपली कुणाच्या हातात?

१/१३
सन १८३९चा हिवाळा. फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रिटनी प्रांतातील सँ-सेर्वां हे बंदराचे गाव. सत्तेचाळीस वर्षांच्या एका मोलकरणीने आन शोव्हँ नावाच्या अंध आणि पक्षाघाताने खिळलेल्या विधवेला उचलून आपल्या भाड्याच्या घरात आणले. स्वतःचे अंथरूण तिला दिले आणि आपण पोटमाळ्यावर निजू लागली. त्या मोलकरणीचे नाव झान ज्युगां. पुढे जगभर पसरलेल्या ख्रिस्ती वृद्धाश्रमांच्या एका मोठ्या परंपरेचा आरंभ या अंथरुणापासून झाला.

२/१३
झानचा जन्म १७९२ साली काँकाल या मच्छीमार गावी झाला. ती लहान असतानाच तिचे वडील समुद्रात नाहीसे झाले. सोळाव्या वर्षी ती एका सरदार घराण्याच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. पुढे तिने इस्पितळात रुग्णसेवा केली आणि मग एका वयस्क बाईंकडे बारा वर्षे चाकरी केली. दारिद्र्य तिने जवळून पाहिले होते.

३/१३
त्या किनाऱ्यावर समुद्र दरवर्षी पुरुषांना गिळत असे आणि मागे विधवा उरत. हात चालत तोवर मोलमजुरी, हात थकले की दारोदार भीक, असा अनेकींच्या आयुष्याचा क्रम होता. क्रांतीच्या काळात चर्चची मालमत्ता जप्त झाल्याने धर्मादायाचे जुने आधारही मोडकळीस आले होते.

४/१३
एका वृद्धेमागून दुसरी आली. १८४१ साली झान आणि तिच्या सहकारी स्त्रियांनी तळमजल्यावरील एक जुना गुत्ता भाड्याने घेतला. तेथे बारा वृद्धा राहू लागल्या. वर्षभरात तीही जागा अपुरी पडली, तेव्हा १८४२ मध्ये एका जुन्या मठाची वास्तू विकत घेण्यात आली.

५/१३
मात्र एक अडचण होती. आश्रय मिळाला तरी यांतील काही वृद्धा सवयीने आणि गरजेने रोज भीक मागायला बाहेर पडत. झानने यावर साधा उपाय काढला. त्यांनी घरी राहावे, त्यांच्या नेहमीच्या घरी टोपली घेऊन ती स्वतः जाईल. मराठीत ‘भीक’ आणि ‘भिक्षा’ हे दोन शब्द वेगळे आहेत. त्यांतील अंतर या एका कृतीत स्पष्ट दिसते. वृद्धेच्या हातातील टोपली झानच्या हाती आली आणि त्या आश्रमाचा पाया घातला गेला.

६/१३
आश्रमाचा दिवस या टोपलीभोवती फिरे. सकाळी प्रार्थना झाली की भगिनी बाजारात आणि घरोघरी जात. पावाचे उरलेले तुकडे, भाजीपाला, जळाऊ लाकूड, जुने कपडे, जे मिळेल ते घेऊन परतत. उपाहारगृहांतून वापरलेल्या कॉफीचा चोथासुद्धा आणला जाई आणि त्यावर पुन्हा उकळते पाणी ओतून वृद्धांसाठी कॉफी होई.

७/१३
जेवणाचा नियम एकच होता. आधी वृद्धांना वाढायचे आणि उरेल ते भगिनींनी खायचे. ज्यांचे हात चालत, त्या वृद्धा लोकर व ताग कातत, ठिगळे लावत. त्या कामाचे थोडे पैसे घरखर्चाला येत. काम हा दंड नव्हता. आपण अजून कुणाच्या तरी उपयोगी पडतो, ही जाणीव त्यातून टिकून राही.

८/१३
लवकरच पुरुषांनाही प्रवेश मिळाला. त्यांत ओलसर तळघरात कुजक्या गवतावर दिवस काढणारा एक म्हातारा खलाशी होता. त्याला आंघोळ, स्वच्छ कपडे आणि बिछाना मिळाला. या परंपरेत आणखी एक रीत रुजली. कुणाचा अंतकाळ जवळ आला की भगिनी रात्रंदिवस आळीपाळीने त्याच्या उशाशी बसत. कुणीही एकटे मरू नये, हा त्यामागचा हेतू.

९/१३
आता कथेची दुसरी बाजू. १८४३च्या डिसेंबरमध्ये भगिनींनी झानला पुन्हा प्रमुख म्हणून निवडले. काही दिवसांतच त्यांचे मार्गदर्शक धर्मगुरू ल पायोर यांनी ती निवड एकतर्फी रद्द केली आणि तरुण मारी जामे हिला प्रमुख नेमले. झानने विरोध केला नाही. ती टोपली घेऊन गावोगाव हिंडत राहिली.

१०/१३
दरम्यान सँ-सेर्वांच्या महापौरांनी आणि प्रतिष्ठित नागरिकांनी तिच्या कार्याचे निवेदन सह्यांनिशी फ्रेंच अकादमीकडे धाडले होते. डिसेंबर १८४५ मध्ये अकादमीने तिला ३,००० फ्रँकचे माँत्यों पारितोषिक दिले. त्या प्रसंगीचे भाषण छापले गेले आणि भिक्षाफेरीत झान ती पुस्तिका ओळखपत्रासारखी जवळ बाळगू लागली.

११/१३
१८५२ मध्ये तिला भिक्षाफेरीतून परत बोलावून मातृगृहात ठेवण्यात आले. उरलेली सत्तावीस वर्षे तिने तेथेच काढली. नवशिक्या भगिनींना शिकवले जाई की संस्थेचे संस्थापक ल पायोर, आणि झान केवळ तिसरी भगिनी. ज्या घरांत म्हाताऱ्यांना नावाने हाक मारली जाई, तेथेच संस्थापिकेचे नाव पुसले गेले.

१२/१३
तरीही १८६५ साली एका पेचात तिचा सल्ला घ्यावा लागला. कायमस्वरूपी उत्पन्न देणारी देणगी स्वीकारावी काय? झानने नकाराचा कौल दिला. ठरावीक उत्पन्न आले की टोपली कोपऱ्यात पडेल, आणि टोपलीच नसेल तर गावाचा म्हाताऱ्यांशी असलेला रोजचा संबंधही तुटेल. संस्थेने तिचे ऐकले. त्या निर्णयाच्या कागदावर तिचीही सही आहे.

१३/१३
२९ ऑगस्ट १८७९ रोजी झानचे निधन झाले. तेव्हा ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या संस्थेत सुमारे २,४०० भगिनी आणि १७७ घरे होती. १८८२ मध्ये या भगिनी कोलकात्यात आल्या. आज मुंबईतही त्यांचे घर आहे. १८९० मध्ये रोमने ल पायोर यांना पदावरून दूर केले आणि खरा वृत्तांत हळूहळू पुढे आला. २००९ साली झानला संतपद मिळाले. तिच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष दिली ती गावकऱ्यांच्या सह्यांच्या त्या निवेदनाने. संस्थेने स्वतःविषयी लिहिलेला इतिहास वाचताना तिच्या दाराबाहेरचे कागदही पाहावे लागतात, ते यासाठीच.