सायप्रसचा सातबारा

आमच्या ऑफिसच्या लंच टेबलवर सध्या एक नवीन खूळ आलंय. पुण्यातला टू बीएचके झाला, आता म्हणे 'सेकंड होम'. आणि तेही लोणावळ्याला नाही, थेट भूमध्य समुद्रात! टीममधल्या एकाने उत्तर सायप्रसमधल्या फ्लॅटची जाहिरात फॉरवर्ड केली. निळंशार पाणी, स्विमिंग पूल, आणि किंमत बाणेरपेक्षा कमी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, त्यामुळे हे अगदीच हवेतले इमले नाहीत. पण मग इतकं स्वस्त का? मी त्यापायी दोन वीकएंड घालवले. उत्तर इतिहासात सापडतं.

सायप्रस १५७१ पासून ऑटोमन तुर्कांकडे होतं. १८७८ साली ब्रिटिशांनी ते सुलतानाकडून चालवायला घेतलं. (जाता जाता: तिथे ताबा घ्यायला गेलेल्या फौजेत मुंबई बंदरातून आधी माल्टाला नेलेले हिंदी शिपाईसुद्धा होते.) तिथली जुनी जमीनपद्धत मोठी मजेशीर होती. जमीन एकाची, तिच्यावरचं ऑलिव्हचं झाड दुसऱ्याचं आणि विहिरीचं पाणी तिसऱ्याचं, असं चालायचं. कोकणातल्या वाचकांना यात काही नवल वाटणार नाही म्हणा! १९५३ साली लॉरेन्स डरेल या इंग्रज लेखकाने, ज्याचा जन्म आपल्या जालंधरचा, बेलापाई नावाच्या ग्रीक वस्तीच्या गावात एक घर घेतलं. घासाघीस करून सौदा जमवणारा दलाल तुर्की होता. म्हणजे ग्रीकाचं घर, तुर्की एजंट, इंग्रज गिऱ्हाईक. तेव्हा हे शक्य होतं.

१९६० ला सायप्रस स्वतंत्र झालं. तीनच वर्षांत दंगली पेटल्या आणि १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची फौज आली. तिचे पहिले सेनापती आपले जनरल ग्यानी, नंतर जनरल थिमय्या. थिमय्यांचं १९६५ साली तिथेच निधन झालं. आणि मग आलं १९७४. जुलैत ग्रीसच्या लष्करी राजवटीच्या चिथावणीने सायप्रसमध्ये बंड झालं आणि पाचच दिवसांनी, २० जुलैला, तुर्की सैन्य उत्तर किनाऱ्यावर उतरलं. ऑगस्टपर्यंत बेटाचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग त्यांच्या हातात होता. दीड लाखाहून अधिक ग्रीक अंगावरच्या कपड्यांनिशी दक्षिणेला पळाले. पुढच्या वर्षभरात चाळीसेक हजार तुर्की उत्तरेला गेले. ते कुणी हौसेने गेले नव्हते, त्यांचीही घरं आणि शेतं दक्षिणेत राहिली.

इथून घोळ सुरू होतो. उत्तरेच्या प्रशासनाने दक्षिणेत घर गमावलेल्या तुर्कांना बदल्यात ग्रीकांची घरं दिली आणि तसे कागदही करून दिले. दक्षिणेच्या सरकारी दप्तरात मात्र मालक म्हणून जुन्या ग्रीक माणसाचंच नाव राहिलं. आमच्या भाषेत सांगायचं तर नेटवर्क तुटलं आणि दोन्ही सर्व्हर स्वतःला मास्टर समजायला लागले. एकाच घराचे दोन सातबारे! त्यात उत्तरेने १९८३ ला स्वतंत्र राष्ट्र घोषित केलं, पण त्याला तुर्कस्तानखेरीज कुणीही मान्यता दिली नाही.

२३ एप्रिल २००३ ला मधली सीमा अचानक उघडली. एकोणतीस वर्षांनी लोक रांगा लावून आपापली घरं बघायला गेले. स्वतःच्याच दारावर टकटक करायची आणि आत राहणाऱ्याला सांगायचं, की हे माझं घर. कुठे दार लावून घेतलं, तर कुठे कॉफी पाजली, आणि सांभाळून ठेवलेले लग्नाचे फोटो परत दिले. हे वाचताना मला फाळणीनंतरचं लाहोर आणि अमृतसर आठवत होतं.

अशाच एका ग्रीक माणसाला लापिथोस गावातल्या आपल्या कुटुंबाच्या जमिनीवर एका ब्रिटिश जोडप्याचा पूलसकट व्हिला दिसला. त्यांनी २००२ साली तिथल्या कागदपत्रांवर ती जागा रीतसर विकत घेतली होती. तो दक्षिणेतल्या कोर्टात गेला. समन्स आलं ते ग्रीक भाषेत, जी त्या जोडप्याला वाचता येत नव्हती. २००४ मध्ये निकाल लागला: बांधकाम पाडा, जमीन परत द्या, भरपाई द्या. आता उत्तरेत दक्षिणेच्या कोर्टाला विचारतो कोण? पण त्याच वर्षी सायप्रस युरोपियन युनियनमध्ये आलं होतं, म्हणून हा गडी निकाल घेऊन इंग्लंडच्या कोर्टात पोचला. जोडप्यातर्फे चेरी ब्लेअर, म्हणजे तेव्हाच्या पंतप्रधानांच्या पत्नी, उभ्या राहिल्या आणि २००६ ला जिंकल्यासुद्धा. अपिलात प्रकरण युरोपियन कोर्टात गेलं. २८ एप्रिल २००९ ला तिथे ठरलं, की निकाल इंग्लंडलाही मानावा लागेल. जानेवारी २०१० मध्ये इंग्लंडच्या अपील कोर्टाने तसाच निर्णय दिला. म्हणजे बघा, सायप्रसमधल्या व्हिलाला कुणी हात लावू शकत नव्हतं, पण वसुलीसाठी त्यांचं इंग्लंडमधलं राहतं घर टांगणीला लागलं.

मला त्या जोडप्याची कीव येते, पण बाजू मी त्या ग्रीक माणसाचीच घेईन. सही करताना 'ही जमीन आधी कुणाची होती' एवढं तर विचारता येतं ना?

दक्षिणेत सगळं आलबेल आहे असंही नाही. तिथे बिल्डरने जमीन आधीच बँकेकडे गहाण टाकलेली, गिऱ्हाइकाने पैसे पूर्ण भरलेले, आणि टायटल मात्र वर्षानुवर्षं मिळत नाही, अशी इतकी प्रकरणं झाली की २०१५ मध्ये खास कायदा करावा लागला. (ओळखीचं वाटतंय?) शिवाय दक्षिणेत राहिलेली तुर्कांची घरं आजही सरकारच्या ताब्यात आहेत.

उत्तरेतलं बांधकाम काही थांबलं नाही. मूळ मालकाच्या संमतीशिवाय अशी जमीन विकणं किंवा घेणं दक्षिणेच्या कायद्यात २००६ पासून गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद. २०२५ मध्ये अशा व्यवहारांसाठी प्रत्यक्ष तुरुंगवासाच्या शिक्षाही झाल्या.

तो फॉरवर्ड मी पुन्हा उघडून नीट वाचला. बऱ्याच जाहिरातींत खाली बारीक अक्षरात टायटलचा प्रकार दिलेला असतो. '१९७४ पूर्वीचं तुर्की टायटल' असेल तर तेवढ्याच चौरस मीटरला भाव जास्त. आमच्या मित्राचा फ्लॅट दुसऱ्या प्रकारातला होता.